आत्तीचा आवाज आणि उलटी तार

जत्रेच्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला मी आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या चहाच्या गाड्यावर उभा होतो. खिशातून फोन काढून मी तो चहावाल्यापुढे धरला आणि फुशारकीने म्हणालो, “ऐका. आमच्या आत्तीनं गायलेला पोवाडा. आज तिच्या गावच्या जत्रंत लागणाराय.”

त्याने एका हाताने पातेलं हलवत कान पुढे केला. अर्धं मिनिट ऐकलं आणि म्हणाला, “डफ झ्याक हाय. पर बाई कुठं हाय ह्यात?”

“गातीय की.”

“न्हाय बा. बाप्या बोलतोय तेवढं ऐकू येतंय.”

मी फोन कानाला लावला. डफ होता. तुणतुणं होतं. मामांचं, म्हणजे आत्तीच्या नवऱ्याचं, मधलं निवेदन खणखणीत होतं. आत्ती मात्र कुणी विहिरीच्या तळातून गुणगुणावं तेवढीच उरली होती, तीही ठाऊक असलं तरच कळावं अशी. हातातला चहा तसाच गाड्यावर ठेवून मी घराकडे पळालो. चार वाजता पालखी देवळातून निघणार होती, पालखीच्या आधी हा पोवाडा भोंग्यांवर लागणार होता, आणि फाइल मी आदल्या संध्याकाळीच तिथल्या साउंडवाल्याच्या हातात दिली होती.

माझा धंदा मास्टरिंगचा. गाणं गाऊन झालं, वाजवून झालं, सगळे आवाज एकत्र मिसळून झाले, की ते लोकांत जाण्याआधी त्यावर शेवटचा हात फिरवायचा, तो मी फिरवतो. गुऱ्हाळात गुळव्या असतो तसा. ऊस दुसऱ्याचा, जाळ घालणारा दुसरा, पण काहील कधी उतरवायची ते गुळव्या ठरवतो, आणि तो चुकला तर सगळ्यांचा घाम वाया जातो.

त्यातही माझा जीव मिड-साइड नावाच्या प्रकारावर. हेडफोन लावला की डावा आणि उजवा असे दोन आवाज येतात हे सगळ्यांना माहीत असतं. त्या दोन्हींत जे सारखं असतं ते मिड, आणि दोन्हींत जे वेगळं असतं ते साइड. गाणारा सहसा बरोबर मधे असतो, म्हणून तो मिडमध्ये सापडतो. कडेची वाद्यं, देवळाचा घुमारा हे साइडमध्ये. हे दोन भाग वेगळे काढता आले की गाणाऱ्याला धक्का न लावता त्याच्या भोवतीचं अंगण मोठं करता येतं. ही विद्या हाती आली आणि मी शेफारलो. येईल त्या गाण्याचं अंगण मोठं करत सुटलो. एका लग्नाच्या गाण्यात मी सनई इतकी लांब नेली की नवरदेवाच्या बापाने विचारलं, “सनईवाला मांडवाच्या भाईर बसलाता काय?”

फक्त एक गोष्ट विसरायची नसते. भोंग्यात किंवा एका स्पीकरच्या जुन्या फोनमध्ये डावं-उजवं असं काही नसतं. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून एकच बाहेर पडतो. त्याला मोनो म्हणतात, आणि मोनोत साइड पुसली जाते. कमी होत नाही, पुसली जाते. म्हणून कुठलंही गाणं हातावेगळं करण्याआधी एकदा मोनोत ऐकायचं. दर रविवारी शिकायला येणाऱ्यांना हे मी टेबलावर हात आपटून सांगतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आत्तीचा पोवाडा मी मोनोत ऐकला नव्हता.

आता आत्तीबद्दल सांगितलं पाहिजे. ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. कागलच्या पुढे, हायवे सोडून आत असलेल्या एका गावात दिलेली. मामा शाहीर. त्यांच्या पथकात झील धरणारा, म्हणजे शाहिराच्या मागे उभं राहून ओळीच्या शेवटी ‘जी जी रं जी’ ओढणारा एक जण ऐनवेळी भांडून निघून गेला, तेव्हा मामांनी बायकोला मागे उभं केलं. ती तिथेच राहिली. तीस-बत्तीस वर्षं ती मागे उभी होती. मामांचा आवाज चिरला की ती हळूच वरची पट्टी धरायची, लोकांना वाटायचं शाहिरानेच मारली. हे मला लहानपणापासून दिसत होतं आणि त्याचा राग यायचा. तिला येत नसे, किंवा येत असेल तर मला कधी दिसला नाही.

मग मामांना दम्याने धरलं. आणि त्याच वर्षी आत्तीच्या गळ्याला गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल, जिवाला धोका नाही, पण आवाज राहीलच असं सांगता येत नाही. तो राहिला नाही. बोलण्यापुरता आला, वरची पट्टी कायमची गेली. पण हे नंतरचं. ऑपरेशन जत्रेनंतर पाचव्या दिवशी ठरलं होतं, आणि त्याआधी एकदा तरी गावदेवीचा पोवाडा आत्तीने सगळा, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत गावा, मी तो रेकॉर्ड करावा आणि जत्रेत लावावा, असा हट्ट मी धरला. हट्ट माझाच होता. ती एवढंच म्हणाली, “म्या पुढं उभं ऱ्हायाचं? लोक हसतील की रं.”

कुणी हसलं नाही. देवळाच्या सभामंडपात, भर दुपारी, फक्त आम्ही चौघं होतो. डावीकडे मामा डफ घेऊन बसले, मधे बोलायचं निवेदनही त्यांनीच करायचं होतं. उजवीकडे त्यांचा जुना तुणतुणंवाला. मी दोन माइक लावले, एक मामांच्या बाजूला, एक तुणतुण्याच्या. आणि आत्तीला दोन्हींच्या बरोबर मधे उभं केलं. बरोबर म्हणजे टेप लावून. इकडून जेवढं अंतर तेवढंच तिकडून. ती म्हणाली, “साडीचं माप घेतोस काय?” पण हलली नाही. ती गायली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मामा डफावर मान खाली घालून वाजवत होते, एकदाही त्यांनी वर बघितलं नाही.

माइकच्या तारा मी आदल्या दिवशी स्वतः डाग देऊन जोडल्या होत्या. दुकानातली तयार तार मला पटत नाही. माझ्या हातची तार म्हणजे काय, असं मी चार लोकांत सांगत असतो. त्या तारेत आवाज वाहून नेणाऱ्या दोन वायरी असतात. मी एका माइकच्या तारेत त्या अदलाबदल करून जोडल्या. एवढीच चूक. अशी तार तुटत नाही, खरखरत नाही, आवाज नेहमीसारखाच येतो, फक्त उलटा येतो. एका बाजूला आवाज पुढे ढकलला जातो तेव्हा दुसऱ्या बाजूला तोच मागे ओढला जातो. जे दोन्ही माइकमध्ये सारखं असतं, ते मोनोत एकमेकांना खाऊन टाकतं. मामा एका माइकजवळ होते म्हणून वाचले. तुणतुणं दुसऱ्याजवळ होतं म्हणून वाचलं. आत्ती बरोबर मधे होती. फूटभर इकडे-तिकडे उभी असती तर थोडीफार उरली असती. मी टेप लावून तिला पुसलं होतं.

हे सगळं मला वरच्या खोलीत, मशिनसमोर बसल्यावर पाच मिनिटांत कळलं. खरं सांगायचं तर ते मला आठ दिवस आधीच कळायला हवं होतं. मास्टरिंग करताना मी मिड वेगळं काढलं होतं आणि त्यात आत्ती जवळजवळ नव्हती. सगळी साइडमध्ये होती. गाणारी बाई मधे नाही, ती कडेला कशी गेली, हा प्रश्न शिकाऊ माणसालाही पडला असता. डावं-उजवं जुळतंय की नाही ते दाखवणारी पडद्यावरची सुई उणे बाजूला झुकून मला ओरडून सांगत होती. पण हेडफोनमध्ये तिचा आवाज डोक्याच्या चारी बाजूंनी येत होता, कुठून येतो ते कळत नव्हतं, आणि मी स्वतःवरच खूष होतो. देवळाचा घुमारा काय पकडलाय, म्हणत मी साइड आणखी वर उचलली. उंटावरचा शहाणा याहून वेगळा नसतो.

दुरुस्ती अगदी सोपी होती. एका बाजूचा आवाज उलटा करायचं एक बटण असतं. ते दाबलं आणि आत्ती मधे येऊन उभी राहिली. इतकी जवळ, इतकी स्वच्छ, की मला रडू फुटलं. आठ दिवस मी ज्याला मोठेपणा समजत होतो तो तिच्यासमोर धूर होता. रडायला वेळ नव्हता. आधीची कारागिरी सगळी पुसून टाकली, आवाजाची पातळी सारखी केली, फाइल काढली, फोनवर ऐकली, पुन्हा ऐकली, पेनड्राइव्हवर घेतली. साउंडवाल्याला सात फोन केले, त्याने एकही उचलला नाही. जत्रेत कोण फोन उचलतो? आत्तीला फोन करायचं धाडस झालं नाही.

गाडी काढली तेव्हा एक वाजून गेला होता. उचगावजवळ हायवेला लागलो तर पुढे ट्रकांची रांग. मी कडेच्या मातीतून गाडी घातली. डोक्यात एकच हिशेब चालला होता, चार वाजेपर्यंत पोचलो म्हणजे झालं. गावात आत्तीने पोवाड्याचं फक्त चार-पाच बायकांना सांगितलं होतं, पण गावात चार-पाच बायकांना सांगितलं म्हणजे दवंडी पिटली. पालखीपुढे सगळं गाव उभं राहणार, भोंगे सुरू होणार आणि त्यांतून डफ वाजणार, मामा बोलणार, आणि जिथे ती गाते तिथे नुसतंच भगदाड पडणार. ती बायकांत उभी असणार. पाच दिवसांनी गळा कापायचा. मी मोठ्याने स्वतःला शिव्या देत होतो, शेजारच्या गाडीवरचा माणूस वळून बघत होता.

कागल सोडून आत वळलो. गावाच्या अलीकडेच गाड्या अडवल्या होत्या, तिथून देवळापर्यंत पळत गेलो. अडीच वाजले होते. साउंडवाला मांडवाच्या कडेला खुर्चीवर बसून कलिंगड खात होता. मी धापा टाकत पेनड्राइव्ह पुढे केला. “ती फाइल लावू नका. ही लावा.”

“कंची?”

“पोवाड्याची. ती चुकीची आहे. बाईचा आवाज नाही त्यात.”

“ते व्हय,” तो शांतपणे म्हणाला. “सकाळी लावलंतं की. नऊ वाजता, टेस्टिंगला. चारी भोंगं चालू हुतं, सगळ्या गावानं ऐकलंय. मला बी वाटलं, बाई कुठं गेली?”

मी विचारलं, “मग? लोक काय म्हणाले?”

“काय म्हणतील? बायका इचाराय लागल्या. मग तुमच्या आत्तीच म्हणाल्या, म्याच काढाय लावलाय, घसा बरा न्हवता म्हणून. मिटलं की.” त्याने एक बी थुंकली. “आता पावणं, त्याच म्हणाल्यात तर मी कशाला बदलू? त्यास्नी इचारून या.”

मी घराकडे गेलो. मनात आत्तीच्या रागाची तयारी करत होतो. ती मला बोलली असती, चार लोकांत हात उगारला असता तरी चाललं असतं. बाहेरच्या सोप्यात मामा कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. जत्रेचा दिवस, पाव्हण्यांनी घर भरायचा दिवस, आणि घरात आवाज नव्हता. मला बघून ते उठून बसले. आत्ती परसात भांडी घासत होती.

“आलास? जेवून घे,” ती म्हणाली. वर बघितलं नाही.

“आत्ती, ते सकाळचं...”

“बरंच केलंस काढलास ते. खरखरतच हुता घसा.”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला उभं राहता आलं असतं. मी तिथेच तिच्यासमोर खाली बसलो आणि सगळं सांगितलं. तार कशी जोडली, टेप कशी लावली, कानाला लावलं तर ती होती आणि भोंग्यात कशी नव्हती. तिला त्यातलं किती कळलं कुणास ठाऊक. ती एका तांब्याला राख लावत राहिली, तोच तांब्या, पुन्हा पुन्हा.

“चूक माझी आहे, आत्ती. कुणी तुला काढलं नाही. माझ्या हातून झालं. आता बरोबर केलंय, ऐक.” मी फोन तिच्या कानाशी धरला. तिने अर्धी ओळ ऐकली आणि ओल्या हाताने फोन बाजूला सारला.

“एक इचारू?” ती म्हणाली. “खरं सांग.”

“विचार.”

“ह्यांनी न्हवतं काढाय सांगितलं?”

“न्हाय,” मी म्हणालो. लगेच म्हणालो.

आता जे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही ते इथे लिहितो. मामांचा फोन आला होता. मी मास्टरिंगला बसलो होतो त्याच दिवशी. म्हणाले, “बाईचा आवाज जरा मागं घे. डफ नि माझं बोलणं पुढं असू दे. लोक शाहिराचा पवाडा ऐकाय येत्यात.” मी “बरं मामा” म्हणून फोन ठेवला आणि इतका संतापलो की मुद्दाम उलट करायला बसलो. साइड उचलली की आत्तीच मोठी होत होती, म्हणून ती वर उचलली, नुसत्या हौसेने नाही. बत्तीस वर्षं मागे उभी केली, आता रेकॉर्डिंगमध्येही मागे? घ्या, असं म्हणून उचलली. त्या रागात मला ना सुई दिसली, ना मोनो आठवला. मी मामांचं ऐकलं नव्हतं. माझ्या तारेने ऐकलं होतं, आणि त्यांनी मागितलं होतं त्याच्या दसपट दिलं होतं.

म्हणून मी ‘न्हाय’ म्हणालो ते खोटं म्हणावं तर खोटं नव्हतं. काढायला त्यांनी सांगितलंच नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की तिचा हात तांब्यावर थांबलाय.

“सकाळी लागलं तवा हे हितंच हुते,” ती म्हणाली. “एक सबूद बोलले न्हाईत. मला वाटलं, ह्यांचंच काम. बत्तीस वर्सं झाली रं, मला दुसरं काय वाटणार?” मग पदराने हात पुसत ती एकदम उठली. “आगं आई गं. सकाळपासनं पान न्हाय वाढलं त्यास्नी म्या. दम्याचा माणूस, गोळ्या बी उपाशीपोटी घेतल्या असतील. पोळ्या झाकून ठेवल्यात तशाच.”

“मग लावू ना हे? साउंडवाला तुला विचारून ये म्हणतोय.”

“लाव जा. म्हणावं, म्याच काढला, म्याच परत घातला.”

सोप्यातून बाहेर पडताना मामा दारापर्यंत माझ्या मागे आले. खाली बघत, दबक्या आवाजात म्हणाले, “मी एवढं न्हवतं म्हनलो रं. जरा मागं म्हनलो हुतो.”

म्हणजे सकाळपासून तेही भिंतीकडे तोंड करून हेच धरून बसले होते. मी म्हणालो, “तुम्ही सांगितलेलं मी केलंच नव्हतं मामा. माझी तार उलटी लागली होती.”

त्यांनी एकदा आत डोकावून बघितलं. छाती घरघरत होती. “फोनचं सांगितलंस तिला?”

“नाही.”

आतून आत्तीची हाक आली, “जेवाय या की. गार झाल्यात पोळ्या.” इतक्या मायेने तिने त्यांना हाक मारल्याचं मला आठवत नाही. मामा भिंतीला हात लावत उंबरा ओलांडून आत गेले. ते पान त्यांनी कसं खाल्लं असेल, याचा विचार मी अजून करतो.

चार वाजता पालखीच्या आधी भोंगे सुरू झाले. मी साउंडवाल्याच्या मागे उभा होतो. आत्तीचा आवाज आला. पत्र्यांवरून, उसावरून, पार गावाबाहेर अडवलेल्या गाड्यांपर्यंत गेला असेल. चारी भोंग्यांतून एकच, एकाच रेषेतला आवाज, आणि त्याच्या बरोबर मधे ती. बायकांच्या घोळक्यात कुणीतरी तिला ढकललं, कुणी तिच्या पाठीवर थाप मारली. ती लाजली नाही. तिने मान वळवून पालखीजवळ डफ घेऊन उभ्या असलेल्या मामांना शोधलं, आणि ते दिसल्यावर तोंडभर हसली. गावादेखत तिला नवऱ्याकडे बघून असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. मामांनी मान खाली घातली.